कॉलबॅकचं पान असं लिहा, की वाचणाऱ्याला कॉलबॅक लिहिता येईल

साध्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन वाचणारा ते फंक्शन वापरणार असतो. कॉलबॅकच्या, म्हणजे लायब्ररीने (इतरांसाठी तयार ठेवलेल्या कोडने) योग्य वेळी चालवावं म्हणून तिला दिलेल्या फंक्शनच्या, बाबतीत हे उलटं होतं. फंक्शन वाचणाराच लिहितो आणि ते चालवते लायब्ररी. पान लायब्ररीचं असलं तरी त्यातले नियम वाचणाऱ्याच्या कोडला लागू होतात. तरीही बहुतेक पानांवर पॅरामीटरच्या तक्त्यात 'कॉलबॅक, फंक्शन, ऐच्छिक' एवढ्यावर काम भागवलेलं दिसतं. ते फंक्शन कधी चालणार, किती वेळा चालणार, त्याला काय मिळणार, त्याने काय परत द्यायचं, आत एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आलं तर ते कुठे जाणार, हे सगळं वाचणाऱ्याने ठेचा खात शोधायचं.

हा लेख अशी पानं दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे. पवई, अंधेरी, बीकेसीच्या ऑफिसांत कंपनीची अंतर्गत लायब्ररी सांभाळणारे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी मराठीत नोट्स काढणारे, पीएचपी किंवा पायथनच्या खुल्या डॉक्युमेंटेशनला हातभार लावू पाहणारे, अशा सगळ्यांना यातल्या पायऱ्या त्याच क्रमाने वापरता येतील.

पायरी १: लोक कुठे अडतात ते आधी गोळा करा

लिहायला बसण्याआधी टीमचं चॅट आणि बग-ट्रॅकर चाळा. 'अनडिफाइन्ड येतंय', 'दोनदा चालतंय', 'चालतच नाही', 'शेवटचीच किंमत दिसते' अशी वाक्यं शोधा. भाषा कुठलीही असो, तक्रारी साधारण याच असतात.

पहिली तक्रार नवशिक्यांची. फंक्शन द्यायचं सोडून ते चालवून त्याचं उत्तर दिलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन ठराविक वेळानंतर चालवणारं सेटटाइमआउट(पाठवा(), १०००) असं लिहिलं, की पाठवा त्याच क्षणी चालतं आणि सेटटाइमआउटच्या हाती त्याने परत केलेली किंमत पडते, बहुतेक वेळा अनडिफाइन्ड, म्हणजे 'काहीच नाही'. ब्राउझर यावर काहीच बोलत नाही. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) मात्र तिथल्या तिथे टाइपएरर देतो. एकच चूक एका ठिकाणी गप्प बसते आणि दुसऱ्या ठिकाणी ओरडते, हे पानावर लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याची संध्याकाळ वाचते.

दुसरी, नंतर चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये भरलेला व्हेरिएबल पुढच्याच ओळीत वाचायला जाणं. तिसरी, ऑब्जेक्टची मेथड कॉलबॅक म्हणून दिल्यावर आतला 'धिस' (त्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा शब्द) हरवणं. चौथी, पायथनमध्ये लूपच्या आत लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) बनवणं. हे सगळे लॅम्डा लूपच्या व्हेरिएबलची शेवटची किंमत दाखवतात, कारण लॅम्डा बनतो तेव्हा किंमत साठवत नाही, चालतो तेव्हा शोधतो. पाचवी तक्रार, ट्राय-कॅच (चूक पकडणारी रचना) लावूनही चूक न सापडण्याची, पुढे सविस्तर येते.

प्रत्येक तक्रारीसमोर तुमच्या पानावरचं नेमकं कुठलं वाक्य कमी पडलं ते लिहून ठेवा. ही यादी शेवटपर्यंत हाताशी लागेल.

पायरी २: कॉलबॅकला स्वतंत्र सिग्नेचर द्या

सिग्नेचर म्हणजे फंक्शनचं नाव आणि त्याला मिळणाऱ्या किमती (आर्ग्युमेंट) सांगणारी ओळ. मुख्य फंक्शनच्या सिग्नेचरखाली कॉलबॅकचं सिग्नेचर वेगळ्या ओळीत हवं. त्यात येणारी सगळी आर्ग्युमेंट क्रमाने, नावासकट आणि प्रकारासकट लिहा. बरेच जण 'मुख्य' आर्ग्युमेंट सांगून बाकीची गाळतात. त्याने काय होतं ते जावास्क्रिप्टमधल्या या ओळीत दिसतं:

["१०", "१०", "१०"].मॅप(पार्सइंट)

उत्तर तीन वेळा दहा यावं असं वाटतं. येतं ते १०, नॅन, २. मॅप यादीतल्या प्रत्येक घटकासाठी कॉलबॅक चालवतं आणि त्याला तीन गोष्टी देतं: घटक, त्याचा क्रमांक आणि मूळ अ‍ॅरे. मजकुरातून पूर्णांक काढणारं पार्सइंट दोन घेतं: मजकूर आणि संख्यापद्धतीचा पाया. त्यामुळे क्रमांक पाया म्हणून आत शिरतो. पाया ० असेल तर पार्सइंट तो १० धरतं, म्हणून पहिलं उत्तर बरोबर येतं. पाया १ चालतच नाही, म्हणून नॅन, म्हणजे 'ही संख्या नाही'. पाया २ ला '१०' म्हणजे बायनरी, म्हणून २. पार्सइंटचं पान आणि मॅपचं पान स्वतंत्रपणे बरोबर असलं, तरी मॅपच्या पानावर 'तुमच्या फंक्शनला नेहमी तीन आर्ग्युमेंट मिळतात, जास्तीची घेणारं तयार फंक्शन थेट देऊ नका' हे वाक्य नसेल तर वाचणारा फसतो.

जास्तीच्या आर्ग्युमेंटचं काय होतं हे भाषेनुसार बदलतं, म्हणून तेही लिहा. जावास्क्रिप्ट ती सोडून देते. पायथन टाइपएरर देते. पीएचपी ८ मध्ये तुम्ही लिहिलेलं फंक्शन जास्तीची आर्ग्युमेंट चालवून घेतं, पण भाषेतलं तयार फंक्शन त्याच जागी एरर फेकतं.

पीएचपीत आणखी एक खड्डा आहे. अ‍ॅरे_मॅपमध्ये कॉलबॅक आधी येतो आणि अ‍ॅरे नंतर. अ‍ॅरे_फिल्टरमध्ये अ‍ॅरे आधी आणि कॉलबॅक नंतर. दोन्ही पानांवर एकमेकांचा उल्लेख करून हा फरक एका ओळीत सांगायला हवा.

कॉलबॅक कुठल्या रूपात द्यायचा हेही इथेच सांगा: फंक्शनचं नाव, ऑब्जेक्ट आणि मेथडची जोडी, की मजकुरातला पत्ता. मुंबईत तयार होणाऱ्या फ्रॅपे फ्रेमवर्कमध्ये हुक्सच्या फाइलीत एखाद्या डॉक्युमेंटच्या घटनेला फंक्शन जोडताना त्याचा टिंबांनी जोडलेला पत्ता अवतरणचिन्हांत लिहितात, आणि त्या फंक्शनला डॉक्युमेंट व मेथडचं नाव मिळतं. अशा पद्धतीत पत्त्यात एक अक्षर चुकलं तर फाइल सेव्ह करताना काहीच कळत नाही. ती घटना प्रत्यक्ष घडते तेव्हाच एरर येतो. पत्ता मजकूर म्हणून घेणाऱ्या कुठल्याही लायब्ररीच्या पानावर ही सूचना हवी, आणि जोडल्यावर घटना एकदा मुद्दाम घडवून कशी बघायची तेही हवं.

पायरी ३: करार पूर्ण करा

करार म्हणजे लायब्ररी आणि वाचणाऱ्याचं फंक्शन यांनी एकमेकांशी कसं वागायचं ते. पानाचा खरा जीव इथे आहे. पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पानावर शोधा. सापडलं नाही तर कोड वाचा, चालवून बघा आणि लिहा.

कधी चालतो? फंक्शन परत येण्याआधी की नंतर, हे पहिल्याच वाक्यात यावं. क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनचा कॉलबॅक परत येण्याआधी चालून संपतो. सेटटाइमआउटचा नंतर चालतो. त्याला दिलेला वेळ किमान असतो, नेमका नसतो. ० दिलं तरी हातात असलेला कोड आधी संपतो. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कधी लगेच आणि कधी नंतर: उत्तर कॅशमध्ये असेल तर तिथल्या तिथे, नसेल तर नेटवर्कहून आल्यावर. असं फंक्शन सापडलं तर पानावर ठळक सूचना टाकाच, पण कोड सांभाळणाऱ्यांकडे बदलही मागा. हा दोष शब्दांनी भरून निघत नाही.

किती वेळा? एकदा, अनेकदा, की कदाचित एकदाही नाही? इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या लिबकर्ल या लायब्ररीचा डेटा लिहिणारा कॉलबॅक इथे बघण्यासारखा आहे. सर्व्हरकडून आलेलं एक उत्तर त्याला तुकड्यांत मिळतं. एका तुकड्याची नेहमीची कमाल मर्यादा १६ केबी. उत्तर एकाच फेरीत येतं असं धरून चालणाऱ्याचा कोड छोट्या जेसनवर (मजकुराच्या रूपातल्या डेटावर) चाचणीत पास होतो आणि मोठं उत्तर आलं की अर्धवट जेसन वाचून कोसळतो. लिबकर्लच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. डेटाच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य किमतीचा बाइट नसतो, पहिलं मापाचं आर्ग्युमेंट नेहमी १ असतं, रिकाम्या फाइलीसाठी एकही बाइट नसलेला कॉलही येऊ शकतो, हेही तिथे आहे. चांगलं पान कसं दिसतं हे पाहायचं असेल तर ते एकदा सावकाश वाचा.

परत काय द्यायचं? इथे चुकीची किंमत सगळ्यात महाग पडते. लिबकर्लच्या त्याच कॉलबॅकने जितके बाइट घेतले तितका आकडा परत द्यायचा असतो. वेगळा आकडा दिला की लिबकर्ल ट्रान्सफर थांबवतं. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एक्झेकला (क्वेरी चालवणाऱ्या फंक्शनला) दिलेल्या कॉलबॅकने ० परत केलं तर पुढची ओळ येते, इतर काहीही केलं तर क्वेरी तिथेच सोडून दिली जाते. 'यशस्वी म्हणजे १' अशी सवय असलेल्याला पहिलीच ओळ मिळते आणि डेटाबेसमध्ये एकच नोंद आहे असं वाटतं. जावास्क्रिप्टचं फॉरईच परत आलेली किंमत फेकून देतं; म्हणून त्याला असिंक (काम नंतर पूर्ण करणारं) फंक्शन दिलं तरी ते कशाचीही वाट पाहत नाही.

तुलना करणाऱ्या कॉलबॅकसाठी ऋण, शून्य आणि धन अशी तीनही उत्तरं काय सांगतात ते लिहा. पीएचपीच्या क्रमवारी लावणाऱ्या यूसॉर्टला बरेच जण खरं किंवा खोटं परत देतात. त्यात 'लहान' आणि 'समान' यांतला फरक पुसला जातो, आणि पीएचपी ८.० पासून त्यावर डेप्रिकेटेड (ही पद्धत आता वापरू नका) अशी सूचना येते. सी भाषेच्या क्रमवारी लावणाऱ्या क्यूसॉर्टमध्ये 'अ वजा ब' परत करण्याची युक्ती उदाहरणात अजूनही दिसते. ३२ बिटांच्या इंटची कमाल किंमत २१४७४८३६४७ आहे. त्यातून ऋण १ वजा केला की उत्तर इंटमध्ये मावत नाही आणि क्रमवारीचा भरवसा राहत नाही. अशी उदाहरणं तुमच्या पानावर असतील तर आजच बदला: 'अ लहान असेल तर −१, मोठा असेल तर १, नाहीतर ०'.

चूक झाली तर? नोडच्या रूढ पद्धतीत कॉलबॅकचं पहिलं आर्ग्युमेंट एरर असतं. चूक नसेल तर ते नल, म्हणजे रिकामं, असतं. उदाहरणात एरर तपासल्यावर रिटर्न लिहायला विसरू नका. ते नसेल तर चूक हाताळून झाल्यावर कोड खाली घसरतो आणि पुढचा कॉलबॅक दुसऱ्यांदा चालतो. 'दोनदा चालतंय' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच असतं. नंतर चालणाऱ्या कॉलबॅकमधलं एक्सेप्शन बाहेरच्या ट्राय-कॅचला का सापडत नाही, हेही सांगा: कॉलबॅक चालतो तोवर ट्राय असलेलं फंक्शन संपलेलं असतं. मग ते एक्सेप्शन जातं कुठे? नोडमध्ये ते कोणीच पकडलं नाही तर प्रोसेस बंद पडते. तुमच्या लायब्ररीत ते लॉगमध्ये जात असेल तर लॉग कुठे आहे ते लिहा. गिळलं जात असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

किती काळ धरून ठेवला जातो? पायथनच्या सीटाइप्समध्ये (पायथनमधून सी लायब्ररी वापरायच्या साधनात) सी लायब्ररीला कॉलबॅक दिला आणि स्वतःकडे त्याचा संदर्भ ठेवला नाही, तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) तो उचलतो आणि पुढचा कॉल येताच प्रोग्राम क्रॅश होतो. कधी दुसऱ्याच मिनिटाला, कधी तासाभराने, त्यामुळे कारण सापडत नाही. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये यासाठी वेगळी टीप आहे. ब्राउझरमध्ये कॉलबॅक काढून टाकणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला तेच फंक्शन द्यावं लागतं जे जोडताना दिलं होतं. 'धिस' पक्कं करणारं बाइंड दर वेळी नवं फंक्शन बनवतं, म्हणून जोडताना एकदा आणि काढताना पुन्हा बाइंड केलं तर काहीच निघत नाही आणि एररही येत नाही. जोडायची पद्धत सांगणाऱ्या प्रत्येक पानावर काढायची पद्धत त्याच उदाहरणात दाखवा.

कुठल्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालतो आणि आत काय करायचं नाही, हे दोन प्रश्न एकत्र घेता येतात. युनिक्सच्या सिग्नल हँडलरमध्ये (सिस्टिमचा इशारा आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मजकूर छापणारं प्रिंटएफ सुरक्षित नाही, कारण मुख्य प्रोग्राम प्रिंटएफच्या मधोमध असतानाच सिग्नल येऊ शकतो. एसक्यूलाइटच्या अपडेट हुकमध्ये (नोंद बदलल्यावर चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये) तेच डेटाबेस कनेक्शन बदलायचं नाही. मनाईसोबत कारण लिहा, आणि त्याऐवजी काय करायचं तेही लिहा: फ्लॅग लावा, रांगेत काम टाका, मुख्य लूपमध्ये उचला. नुसती मनाई कोणी पाळत नाही.

पायरी ४: उदाहरणं वाचणाऱ्याच्या ओळखीची घ्या

'फू' आणि 'बार' अशा निरर्थक नमुना-नावांमधून काही कळत नाही, कारण उत्तर चुकलं तरी ते चुकलंय हे डोळ्याला दिसत नाही. ओळखीचा डेटा घेतला की चूक लगेच खटकते. सीएसएमटीपासूनची अंतरं घ्या: दादर साधारण ९ किलोमीटर, कुर्ला १५, ठाणे ३४. जावास्क्रिप्टमध्ये कॉलबॅक न देता ३४, ९, १५ यांची क्रमवारी लावली तर येते १५, ३४, ९. दादर ठाण्याच्या पुढे गेलेलं पाहून मुंबईचा कुठलाही वाचक थांबतो. मग कारण सांगा: कॉलबॅक नसेल तर सॉर्ट आकड्यांनाही मजकूर समजून तुलना करतं, आणि मजकुरात '१' आणि '३' दोन्ही '९'च्या आधी येतात. त्यानंतर तुलना करणारा कॉलबॅक देऊन ९, १५, ३४ दाखवा.

मराठी नावांचं उदाहरणही जरूर ठेवा. कालिना, काळाचौकी, काशीमीरा ही तीन नावं तशीच सॉर्टला दिली तर याच क्रमाने येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, म्हणून यादी कालिना, काशीमीरा, काळाचौकी अशी हवी. तुलनेचा कॉलबॅक मुळात का लागतो, हे या तीन नावांत मराठी वाचकाला पुरतं कळतं.

उदाहरण लिहिताना आधी नाव असलेलं फंक्शन घ्या, ते वेगळ्या ओळीत ठरवा आणि पुढे कंसांशिवाय द्या. छोटं बाण-फंक्शन त्यानंतर दाखवा. नंतर चालणाऱ्या कॉलबॅकसाठी तीन ओळी छापणारं उदाहरण ठेवा, 'आधी', 'कॉलबॅकमध्ये' आणि 'नंतर', आणि प्रत्यक्ष छापल्या गेलेल्या क्रमाने आउटपुट द्या: आधी, नंतर, कॉलबॅकमध्ये. यापेक्षा स्पष्ट परिच्छेद कोणी लिहू शकत नाही.

पायरी ५: जुना मजकूर पुन्हा लिहा

अंतर्गत लायब्ररीच्या पानावर असा मजकूर आहे असं धरू:

प्रत्येक_ओळ(फाइल, काम)
फाइल वाचली जाते आणि प्रत्येक ओळीसाठी कॉलबॅक बोलावला जातो.

'वाचली जाते', 'बोलावला जातो'. कोण वाचतं, कोण बोलावतं? कर्ता गायब झाला की कॉलबॅकच्या पानात काहीच उरत नाही. प्रत्येक वाक्यात कर्ता ठेवा: लायब्ररी हे करते, तुमचं फंक्शन ते करतं. आता तेच पान:

प्रत्येक_ओळ(फाइल, काम)
प्रत्येक_ओळ ही फाइल वरपासून वाचते आणि दर ओळीला एकदा काम(ओळ, क्रमांक) चालवते.
ओळ: मजकूर, शेवटचं नव्या ओळीचं चिन्ह काढलेला. क्रमांक: पूर्णांक, १ पासून.
रिकाम्या ओळीसाठीही काम चालतं. फाइलच रिकामी असेल तर एकदाही चालत नाही.
काम ने नेमकं खोटं परत केलं तर वाचन तिथेच थांबतं. इतर काहीही परत केलं, किंवा काहीच केलं नाही, तर पुढची ओळ येते.
काम मधून एक्सेप्शन बाहेर आलं तर प्रत्येक_ओळ फाइल बंद करते आणि तेच एक्सेप्शन तुमच्यापर्यंत येऊ देते.
सगळं त्याच थ्रेडवर, प्रत्येक_ओळ परत येण्याआधी घडतं. त्यानंतर काम चा संदर्भ ती ठेवत नाही.
काम च्या आत त्याच फाइलीत लिहू नका; वाचन पुढे सरकलेलं असतं आणि नव्या ओळी सुटू शकतात. बदल यादीत साठवा आणि नंतर लिहा.

'नेमकं खोटं' हा शब्दप्रयोग कोड वाचूनच ठरवायचा. पायथनमध्ये काहीच परत न करणारं फंक्शन नन ('काहीच नाही') देतं, आणि ते खोट्यासारखं मानलं जातं. लायब्ररीने 'परत आलेलं खोट्यासारखं आहे का' एवढंच तपासलं असेल, तर रिटर्न न लिहिलेला साधा कॉलबॅक पहिल्याच ओळीनंतर वाचन थांबवेल. 'खोटं आहे का' असं तंतोतंत तपासलं असेल तर थांबणार नाही. दोन्ही कोड दिसायला जवळपास सारखे असतात, परिणाम मात्र पूर्ण वेगळा.

पायरी ६: पान तपासा

प्रत्येक उदाहरण कॉपी करून रिकाम्या फाइलीत चालवा. पायथनमध्ये डॉकटेस्ट वापरलं तर पानातलं आउटपुट आणि खरं आउटपुट आपोआप ताडून बघता येतं. इतर भाषांत उदाहरणं वेगळ्या फाइलींत ठेवून बिल्डसोबत चालवा.

मग टीममध्ये नव्या आलेल्या कुणाला तरी फक्त हे पान द्या, सर्च बंद, आणि कॉलबॅक लिहायला सांगा. मदत करू नका. त्याने किंवा तिने विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे पानात नसलेलं वाक्य.

पान फोनवरही उघडा. विरार किंवा कल्याणहून येणारी मंडळी गाडीत उभ्या उभ्या हेच पान वाचतात. कोडची ओळ ४० अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर नेमका कॉलबॅकचा भाग स्क्रीनच्या बाहेर जातो. चार-पाच रकान्यांचा पॅरामीटर तक्ता फोनवर तुटतो. त्याऐवजी नाव आणि खाली वर्णन अशी मांडणी करा.

पायरी ७: बदल पाठवा

पायथनचं डॉक्युमेंटेशन सीपायथनच्याच रिपॉझिटरीत रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आहे, पीएचपीचं डॉकबुक एक्सएमएलमध्ये, एमडीएनचं (ब्राउझर आणि जावास्क्रिप्टच्या डॉक्युमेंटेशनचं) मार्कडाउनमध्ये. तिन्ही गिटहबवर आहेत. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकाच पानाची एकच उणीव भरा. सोबत दहा-बारा ओळींचा प्रोग्राम, त्याचं आउटपुट आणि भाषेची आवृत्ती द्या. तपासणाऱ्याला ते चालवून पाहता आलं की चर्चा लवकर संपते.

चालवून दिसलेलं सगळं पानावर टाकू नका. काही वागणूक भाषेने वचन म्हणून दिलेली असते, काही आज योगायोगाने तशी असते. समान ठरलेल्या घटकांचा मूळ क्रम टिकतो का, हे घ्या. पायथनचं सॉर्ट तो टिकवण्याचं वचन देतं, जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात हे २०१९ पासून आहे, पीएचपीत ८.० पासून. सीच्या क्यूसॉर्टमध्ये असं वचन नाही, तुमच्या मशीनवर टिकलेला दिसला तरीही. तुलनेचा कॉलबॅक नेमका किती वेळा चालेल, हेही वचन नसतं. म्हणून अशी गोष्ट आढळली की आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची नोंद) उघडून सांभाळणाऱ्यांना विचारा, की ही वागणूक पुढच्या आवृत्तीतही राहणार आहे का. 'हो' आलं तर वाक्य लिहा. 'नाही' आलं तर 'यावर विसंबू नका' असं लिहा, आणि त्या इश्यूचा क्रमांक पुल रिक्वेस्टमध्ये जोडा.